बाळाचे दात, रात्रीचं रडणं आणि तापाची बाटली

या वेळी दातांची पत्रं जास्त आली. बहुतेक यवतमाळ, अकोला, गोंदिया, गडचिरोलीकडची आणि बहुतेकांचं म्हणणं एकच: लेकरू रात्री झोपत नाही, घरात तापाचं औषध आहे, देऊ का? म्हणून हे पान पूर्ण त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : मुलगा आठ महिन्यांचा. अंगणवाडीत वजन साडेसात किलो भरलं. खालचे दोन दात आले, आता वरची हिरडी सुजली आहे. रात्रीतून पाच-सहा वेळा उठतो. लसीच्या वेळी मिळालेली पॅरासिटामॉलची ड्रॉप्सची बाटली घरात होती, ती झोपताना देते. आज नववी रात्र. आधी त्याने झोपायचा, आता तेही नाही. सासूबाई म्हणतात थोडं वाढव. शेजारणीकडे त्याच औषधाचं सिरप आहे, ते म्हणे चमच्याने देतात. किती देऊ, किती दिवस देऊ?
— एक आई, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : वाढवू नका, आणि रोजचा डोस आजपासून बंद करा. मापात एकच डोस रोज गेला असेल तर घाबरायचं कारण नाही, पण नववी रात्र म्हणजे आता दाताकडे बोट दाखवून चालणार नाही. एक दात वर येतो तेव्हाचा त्रास साधारण आठ दिवसांचा असतो: दात दिसायच्या आधीचे चार, दिसतो तो एक आणि नंतरचे तीन. त्यातही खरं ठणकणं एक-दोन रात्रीच.

पॅरासिटामॉलमध्ये झोपेचं काहीच नाही. ते दुखणं आणि ताप उतरवतं. दुखण्याने जाग येत असेल तर ते थांबल्यावर लेकरू झोपतं, एवढाच त्याचा झोपेशी संबंध. असर अर्ध्या-एक तासात सुरू होतो आणि चार ते सहा तासांत ओसरतो. नऊला दिलेलं औषध दोन-तीनला संपलेलं असतं, त्यामुळे पहाटेपर्यंतची झोप त्यातून मिळणारच नाही. आठव्या-नवव्या महिन्यात लेकरं रांगायला लागतात, आई नजरेआड झाली की बिथरतात, झोप हलकी झाली की डोळे उघडून आधी आईला शोधतात. त्यात उन्हाळा. टिनाचा पत्रा मध्यरात्रीपर्यंत तापलेला राहतो. एकदा त्याच्या मानेच्या घडीत आणि पाठीवर हात फिरवून बघा. घामोळ्यांनी खाजत असेल तर ड्रॉप्स काय करणार? तिथे ओल्या फडक्याने अंग पुसणं, सुती झबलं आणि अंगावर पाजणं हेच कामाचं.

आता मापाचं. इथे घोळ होतो म्हणून सावकाश वाचा. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ. तुमच्या साडेसात किलोच्या मुलाला एका वेळी ७५ ते ११० मि.ग्रॅ. पण औषध मिळतं तीन ताकदींत. ड्रॉप्सच्या बाटलीवर बहुधा '१ मिलीत १०० मि.ग्रॅ.' असतं, साध्या सिरपवर '५ मिलीत १२५', आणि जास्त ताकदीच्या सिरपवर '५ मिलीत २५०'. म्हणजे त्याच मुलाला ड्रॉप्स पाऊण ते १.१ मिली, १२५ चं सिरप ३ ते ४.५ मिली, आणि २५० चं फक्त दीड ते सव्वादोन मिली. चव एक, रंग एक, बाटल्याही सारख्या दिसतात. शेजारणीचा चमचा तिच्या सिरपसाठी ठीक असेल. तोच ५ मिलीचा चमचा भरून तुमच्या ड्रॉप्सचा दिला तर एका घोटात ५०० मि.ग्रॅ., म्हणजे चार डोसांहून जास्त. ड्रॉप्सच्या बाटलीला चमचा लावायचाच नाही. आपल्या बाटलीवरचा आकडा मात्र स्वतः वाचा, काही कंपन्यांचा वेगळा असतो.

चहाचा चमचा माप नाही. मेडिकलमधून २ किंवा ५ मिलीची सिरिंज आणा, सुई आणि टोपण दोन्ही तिथेच टाकायला सांगा (टोपण लेकराच्या घशात अडकतं). बाटली चांगली हलवा, नाहीतर औषध तळाशी बसलेलं असतं: पहिले डोस फिके, शेवटचे कडक. लेकराला मांडीवर अर्धवट बसतं धरून सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं सोडा. जिभेच्या मधोमध जोरात सोडलं की ठसका लागतो किंवा सगळं बाहेर येतं. घरात ५०० ची गोळी आहे म्हणून पाव तोडून चुरायची, असंही काही जणी करतात. पाव कधी सारखा तुटत नाही, आणि गोळी ६५० ची निघाली तर हिशेबच बदलतो.

दोन डोसांत सहा तास, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार डोस. दातासाठी मात्र एखाद-दुसऱ्या वाईट रात्री एक डोस पुरे. सलग तीन रात्रींवर लागला तर दवाखान्यात दाखवा. देण्याआधी काखेत थर्मामीटर लावा. ताप असताना आधीच औषध दिलं तर तो दबतो आणि सकाळी डॉक्टरांना काही सापडत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नाही.

चुकून जास्त गेलंच तर वाट पाहू नका. पहिल्या दिवशी लेकरू खेळतं, फार तर एखादी उलटी. यकृताचं नुकसान नंतर दिसतं. त्याच्यावर उतारा आहे, पण तो आठ तासांच्या आत मिळाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. बाटली सोबत घ्या आणि १०८ लावा.

प्रश्न : मुलगी अकरा महिन्यांची, दात येताहेत. दोन दिवस १०२ ताप, दिवसाला सहा-सात पातळ जुलाब. घरचे म्हणतात दातांची हगवण आहे, जाईल. पॅरासिटामॉलचं सिरप चालू होतं. मेडिकलमध्ये सांगितल्यावर आणखी दोन बाटल्या मिळाल्या: एकीवर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल लिहिलंय, दुसरी सर्दीची, 'झोपही लागेल' म्हणून. तिन्ही एकत्र चालतील का?
— एक वडील, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : नाही. नव्या दोन्ही बाटल्या बाजूला ठेवा आणि मुलीला आजच दाखवा.

दातांनी अंग थोडं कोमट लागतं. १००.४ च्या वरचा ताप दातांचा नसतो, आणि 'दातांची हगवण' असा आजारच नाही. गाठ पडते ती वयामुळे: सहाव्या महिन्यानंतर आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ओसरते, त्याच सुमारास लेकरू रांगत जमिनीवरचं तोंडात घालतं, आणि त्याच सुमारास दात येतात. जंतू पोटात गेले, आळ दातावर आला. या समजुतीपायी लेकरं सुकून जाईपर्यंत घरीच ठेवली जातात, म्हणून इतकं स्पष्ट लिहितो आहोत.

आता बाटल्या. जोडऔषधाच्या ५ मिलीत बहुतेक वेळा १०० मि.ग्रॅ. आयबुप्रोफेन आणि १६२.५ मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल असतं. आधीचं सिरप चालू असताना हे दिलं की पॅरासिटामॉल दुप्पट. आयबुप्रोफेन हेही ताप-दुखण्याचंच औषध. ते सहा महिन्यांच्या आत देत नाहीत, आणि जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना कोणत्याही वयात नको, कारण ते मूत्रपिंडावर येतं. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. मेफेनॅमिक अ‍ॅसिड या तापाच्या औषधालाही हेच लागू. निमेसुलाइड हेही तसंच औषध, ते बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. जुनी चिठ्ठी दाखवून मागू नका. अ‍ॅस्पिरिनचा तर विचारही नको.

सर्दीच्या औषधाने येते ती गुंगी, झोप नव्हे. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं जोडऔषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं लिहूच नयेत, असं कळवलं. ते का, हे विदर्भाला सांगायला नको: शेजारच्या मध्य प्रदेशातली, छिंदवाड्याकडची मुलं विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने मूत्रपिंडं निकामी होऊन गेली, आणि त्यातली कित्येक उपचारासाठी नागपुरात आणली होती.

दवाखान्यात पोचेपर्यंत: ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. अंगावर पाजणं चालू. झिंक रोज २० मि.ग्रॅ., जुलाब थांबले तरी पुरे चौदा दिवस. आशाताईंकडे दोन्ही मिळतं. डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, पाजलेलं सगळं उलटतं, शेमडी-रक्ताची शी होते, लेकरू मलूल पडलंय, यातलं एकही दिसलं तर रात्र असो, निघा.

प्रश्न : नातीच्या हिरडीला आम्ही मध लावतो. झोपेसाठी गुटीत जायफळ जरा जास्त उगाळतो. आमच्याकडे काही बाया गुडाखूचं बोट फिरवतात. सून दुकानातून हिरडी बधिर करायचं जेल आणते, मला तेच घातक वाटतं. कोण बरोबर?
— एक आजी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : जेलबद्दल, आजी, तुमचंच बरोबर आहे. बेन्झोकेनच्या जेलने रक्तातलं हिमोग्लोबिन असं बदलू शकतं की ते प्राणवायू नीट पोचवू शकत नाही. ओठ-नखं निळी पडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये ते दोन वर्षांखालच्या बाळांसाठी विकू नका, असं बजावलं. लिग्नोकेन हे बधिर करणारं दुसरं औषध, ते लाळेबरोबर गिळलं जातं आणि घसा बधिर झाला की दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. मोठ्यांच्या तोंडातल्या छाल्यांचं जेलही नको, त्यातल्या बऱ्याच जेलांत अ‍ॅस्पिरिनच्या घरातलं सॅलिसिलेट असतं. आणि इतक्या कटकटीनंतर फायदा तरी किती? लाळेने दोन मिनिटांत धुऊन जातं.

बाकीच्यात मात्र सुनेला रागावता येणार नाही. मध वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून येणाऱ्या जंतूंमुळे लेकराचे स्नायू लुळे पडतात. जायफळाने येणारी सुस्ती ही विषाचीच पहिली पायरी; सहाणेवर दोन वेढे की दहा, हे मोजणार कोण? गुडाखू म्हणजे तंबाखू, त्याचा इवलासा लेपही तान्ह्या लेकराला उलट्या आणि झटके आणू शकतो. खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटलेलं बोटही हिरडीवर फिरवू नका, साबणाने हात धुऊन मगच. मोहाच्या दारूचा बोळा, पूर्वी शेतावर जाताना दिली जायची ती अफूची गोळी, सगळं त्याच रांगेतलं.

प्रश्न : गावात सात-आठ महिन्यांचं बाळ रात्री खूप रडलं की सगळे 'दात' म्हणतात. मी कोणत्या बाळाला लगेच पुढे पाठवावं?
— एक आशा कार्यकर्ती, ता. धानोरा, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, आधी बाळाचे हात-पाय बघा. सिकलसेल, म्हणजे आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, असलेल्या बाळाला जन्मानंतर काही महिने जन्मजात वेगळं हिमोग्लोबिन सांभाळून घेतं. ते सहाव्या महिन्याच्या आसपास कमी झालं की पहिला त्रास सुरू होतो, नेमका दातांच्या वयात. पंजे किंवा पावलं फुगतात, बोटं जाड दिसतात, हात लावला की बाळ किंचाळतं, पाय टेकवत नाही. आपल्या भागात हे दात म्हणून सोडून देणं महागात पडतं. सिकलसेलच्या साध्या सोल्युबिलिटी चाचणीने लहान बाळाचं नक्की कळत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पुढची तपासणी लागते, त्यासाठी नाव लिहून पाठवा. सिकलसेल माहीत असलेल्या बाळाला १०१ च्या वर ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन घरी थांबवायचं नाही.

दुसरं, दहा-पंधरा मिनिटांनी गुडघे पोटाशी घेऊन कळवळणारं, मधल्या वेळेत पांढरं पडून गप्प होणारं बाळ. आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. लाल चिकट शी व्हायची वाट पाहू नका. तिसरं, सर्दीनंतर आडवं केलं की जास्त रडणारं: कान. नुसतं लाळ गाळत मुठी चावणारं, पिणारं, उचलल्यावर हसणारं असेल तर दातच.

प्रश्न : फ्रिज नाही. थंड काय द्यावं? आणि औषधाची बाटली उन्हाळ्यात कुठे ठेवावी?
— ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : उकळून गार केलेलं पाणी माठाशेजारच्या झाकलेल्या भांड्यात ठेवा. त्यात स्वच्छ सुती फडक्याचं टोक भिजवून पिळा, गाठ मारा आणि दुसरं टोक स्वतःच्या हातात धरून चावायला द्या. फडकं रोज उकळायचं. तसाच गार केलेला स्टीलचा चमचा पाठच्या बाजूने हिरडीवर दाबला तरी चालतो. धुतलेल्या बोटाने एक-दोन मिनिटं चोळणं तर सगळ्यात सोपं. गाजराचा किंवा काकडीचा तुकडा देऊ नका, मोडून घशात जातो. दात येताना गळ्यात घालतात ती माळ नको. लाळेने हनुवटी लाल झाली तर टिपून खोबरेल लावा.

बाटली टिनाच्या भिंतीला लागून किंवा खिडकीत ठेवू नका. माठाच्या बाजूच्या थंड कोनाड्यात, पण रांगणाऱ्याच्या हाताबाहेर. उघडल्या दिवशीच चिकटपट्टीवर तीन गोष्टी लिहून बाटलीला लावा: तारीख, बाळाचं त्या महिन्याचं वजन, आणि त्या बाटलीचे किती मिली. पुढच्या महिन्यात अंगणवाडीत वजन झालं की पट्टी बदला.