अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासाला हात घालताना

अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास, त्यातला धर्म आणि देशाचा विस्तार कुठून वाचायला घ्यावा, हे तू विचारलंस; प्रश्न चांगले आहेत. सगळी सनावळी पाठ करू नकोस, तीनच वर्षं पक्की कर: १७८७ला राज्यघटना लिहिली गेली, १७९१ला पहिल्या दहा दुरुस्त्या लागू झाल्या, १८०३ला फ्रान्सकडून लुईझियाना (मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा मोठा प्रदेश) विकत घेतलं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना यांची गल्लत. जाहीरनाम्यात ईश्वराचा उल्लेख आहे. राज्यघटना मात्र सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला मनाई करते.
- पहिल्या दुरुस्तीने सगळीकडे चर्च आणि सरकार वेगळं झालं, हा समज. तेव्हा ते बंधन फक्त केंद्र सरकारवर होतं, राज्यांवर नाही. म्हणूनच मॅसॅच्युसेट्स राज्यात चर्चसाठीचा कर १८३३पर्यंत टिकला. हे नीट समजून घे, अर्धे वाद इथेच सुटतात.
- पश्चिमेकडची जमीन रिकामी होती असं धरणं. ती नव्हतीच! १८३०च्या कायद्याने चेरोकींसारख्या तिथल्या मूळ रहिवासी जमातींना हुसकावण्याची वाट मोकळी केली.

धर्म आणि विस्तार एकत्र बघायचे असतील तर ‘अमेरिकन बोर्ड’ या ख्रिस्ती मिशनरी संस्थेबद्दल वाच. १८१३ला मुंबईत मिशनरी पोचले ते याच संस्थेचे, आणि चेरोकींसाठी तुरुंगात गेलेला मिशनरी सॅम्युअल वूस्टरही तिचाच. त्याचा १८३२चा खटला आत्ता राहू दे, तो पुढे घेऊ.