आधी पाच घरं माग

प्रिय पोरी,

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. वसतिगृहातल्या लेकरांच्या वर्गणीसाठी अंबाजोगाई ते परळी, 25 किलोमीटरच्या आसपासचं अंतर, पळायला पाय तयार आहेत. पण ‘सर, लोकांपुढं हात पसरायला जीभ रेटत नाही.’ स्टेटसला क्यूआर टाकलास, तीनशेवर लोकांनी बघितला, अकरा जणांनी पैसे टाकले. आता म्हणतेस, आधी पळून दाखवते, मग देतील आपोआप.

नाही देणार. पळून झाल्यावर लोक हार घालतात, फोटो काढतात, चहा पाजतात आणि आपापल्या घरी जातात. मागायचं ते पळायच्या आधी, आणि दारात जाऊन. रोज पाच घरं. सराव एखाद्या दिवशी बुडाला तरी चालेल, पाच घरं बुडवायची नाहीत.

तुझी आजी देवीची आराधी होती. मंगळवारी, शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन जोगवा मागायची. तुमच्या घरात जवारीची पोती थप्पीला लागलेली असायची, तरी मागायची. तू तिचा पदर धरून पाच दारं फिरलेली आहेस. तेव्हा लाज वाटली नाही, मग आताच कुठून आली? तू वसतिगृहातल्या लेकरांसाठी मागते आहेस, स्वतःसाठी नाही. ही लाज लेकरांच्या काही कामाची नाही.

रागावलो असं समजू नकोस. हीच लाज मी धरली होती, म्हणून एवढा तळमळून लिहितोय.

2015 च्या डिसेंबरात मी याच रस्त्यानं परळीला पळत गेलो आणि पळतच परत आलो. वय 51. ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांचं एक लहानसं वसतिगृह होतं, 34 लेकरं. दसऱ्यानंतर आईबाप कोयता घेऊन कारखान्याच्या गाडीत बसले की सहा महिने ती तिथंच. हंगामाच्या धान्याला 1,20,000 रुपये लागणार होते. मी पत्रकं वाटली, गाडीला फलक लावला आणि वाट बघत बसलो. ‘मास्तर असून भीक मागतो’ हे ऐकायचं नव्हतं मला. जमले 31,400. उरलेले 88,600 मी भविष्य निर्वाह निधीतून काढून भरले आणि सत्काराच्या वेळी सांगितलं, सगळी लोकवर्गणी आहे.

तेव्हा दुसरं काय करायचं होतं मी? किराणा दुकानदार दारात उभा होता, लेकरं जेवायची होती. काकू त्यावरून आजवर एक शब्द बोलल्या नाहीत. पैसे घातले यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. चुकलं ते लपवण्यात. गावाला वाटलं, काम होतंय की, सर आहेत की. पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी माझ्याकडंही नव्हते, आणि वसतिगृहाला कुलूप लागलं. सहावीतली एक हुशार पोरगी नंतर मला उसाच्या फडात दिसली. डोक्यावर वाढ्याची मोळी, आणि पाचटानं कापलेले हात तिनं मला बघून ओढणीखाली घेतले. ते हात अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

त्या वर्षी मी एकाच दारात खरोखर मागितलं होतं. एक म्हातारी, जन्म ऊस तोडण्यात गेलेला. तिनं पदराची गाठ सोडून दहाची नोट दिली आणि लेकरांची नावं विचारली. मला चारच सांगता आली. पुढच्या संक्रांतीला ती पायलीभर जवारी घेऊन पायी वसतिगृहात आली होती. हार घालणाऱ्यांपैकी कुणी आलं नाही. म्हणून सांगतो, पाच घरं. आणि जाण्याआधी लेकरांची नावं पाठ कर.

1980 साली कॅनडात टेरी फॉक्स नावाचा एक पोरगा कॅन्सरनं पाय गेल्यावर कृत्रिम पायावर 143 दिवसांत 5,373 किलोमीटर पळाला. लोक त्याचं पळणं सांगतात. मला त्याचं मागणं मोठं वाटतं. प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर, एवढंच, आणि ते तो गावोगाव उभं राहून बोलून मागायचा. दुखणं पुन्हा उलटल्यानं त्याला मध्येच थांबावं लागलं, तरी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत दोन कोटी चाळीस लाखांहून जास्त डॉलर जमले होते.

तू मात्र अडीच तास लागतील की पावणेतीन, याची काळजी करते आहेस. आपल्या आष्टीच्या धावपटू अविनाश साबळेनं 2020 मध्ये दिल्लीत 21 किलोमीटरची अर्धमॅरेथॉन 60 मिनिटं 30 सेकंदांत मारली. वेग हे त्याचं काम. तुझं काम दारं.

हिशेबाचं नीट ऐक. पैसे तुझ्या फोनवर घेऊ नकोस, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ देत. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. दहा रुपयांचीही पावती फाड. आयकरातली देणगीवरची सवलत कुणाला हवी असेल तर सांग, 2,000 च्या वर रोख दिली तर ती मिळत नाही. टीशर्ट, पाणी, फलक यांचा खर्च वर्गणीतून करायचा नाही.

पळण्याचं तुला फारसं सांगायला नको. परळीच्या अलीकडं बालाघाटचा डोंगर उतरताना जोर करू नकोस, मांड्या तिथंच जातात. हंगाम सुरू झालाय, उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पहाटेही चालू असतात आणि कित्येकांना मागं दिवा नसतो. उजव्या बाजूनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळ. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. भाऊ मोटारसायकलवर मागं राहू दे.

आजपासून पाच घरं. पहिल्या दारात आवाज कापेल, कापू दे. कुणी ‘नंतर बघू’ म्हणेल, त्याचं नाव लिहून ठेव आणि नंतर खरंच जा.

माझ्याही दारी ये. किती देणार ते मी आधी सांगणार नाही, तू मागायचं आहेस. पावतीपुस्तक विसरू नकोस. शनिवारी सकाळी मी घरीच असतो, काकूही असतात.

तुझा,
सर