कर्जाचा विचार नंतर, आधी बुकिंगचे १२ लाख परत करा

प्रश्न : वडिलोपार्जित दोन एकर जिरायत जमीन बिनशेती (एनए) करून प्लॉट पाडायचे आहेत, त्यासाठी राहते घर तारण ठेवून २५ लाखांचे कर्ज घ्यावे का? वय ५७, निवृत्तीला तीन वर्षे, हाती येणारा पगार ८५ हजार, मुदत ठेव ८ लाख. सल्लागाराने सहा महिन्यांत एनए करून देण्याचे सांगितले आहे. ओळखीच्या सहा जणांकडून दोन-दोन गुंठ्यांच्या प्लॉटसाठी प्रत्येकी २ लाख रुपये बुकिंग घेऊन नोटरी करून दिली आहे. त्यातले ३ लाख सल्लागाराला दिले, ४ लाख विमा पॉलिसीत भरले, ५ लाख खात्यात आहेत. सातबाऱ्यावर दोन बहिणींची नावे आहेत, पण त्या काही म्हणणार नाहीत.

उत्तर : कर्ज घेऊ नये, हे एका ओळीत सांगून होते. आपण जे विचारलेच नाही, त्यावर मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पत्रात सहज उल्लेख केलेली ती सहा बुकिंगे कर्जापेक्षा कितीतरी जास्त महागात पडू शकतात.

प्लॉट पाडून विकणारा जमीनमालक २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार प्रवर्तक, म्हणजे बिल्डरसारखाच जबाबदार, ठरतो. विकसित करायची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही, आणि आपली जमीन ८ हजार चौरस मीटरच्या घरात आहे. नोंदणी झाल्यानंतरसुद्धा नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम स्वीकारता येत नाही. आपण गुंठ्याला ४ लाख या भावाने ८ लाखांच्या प्लॉटवर २ लाख, म्हणजे पंचवीस टक्के घेऊन बसला आहात. नोंदणी न केल्याबद्दलचा दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय जमीन शेती विभागात असेल तर तिच्यातून दोन-दोन गुंठे वेगळे काढून विकण्याच्या आड शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यास मनाई करणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा येतो. नोटरीच्या शिक्क्याने जमिनीचा हक्क कोणाकडेही जात नाही. आपण पैसे घेतले, एवढा पुरावा मात्र त्या सहा जणांच्या हाती राहतो.

पैसे परत करण्यासाठी कर्जाची गरज नाही. पाच लाख खात्यात आहेत. चार लाख पॉलिसीतून परत येऊ शकतात, कारण पॉलिसीची कागदपत्रे हाती पडल्यापासून तीस दिवसांत ती नाकारता येते आणि मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी व तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा किरकोळ खर्च कापून हप्ता परत मिळतो. आपल्याला कागदपत्रे मिळून तीन आठवडे झाले आहेत, तेव्हा अर्ज याच आठवड्यात लेखी द्या आणि पोच घ्या. उरलेले तीन लाख मुदत ठेवीतून काढा. सहाही जणांना रक्कम धनादेशाने द्या आणि मूळ नोटरी कागदावर ‘रक्कम परत मिळाली, व्यवहार रद्द’ असे लिहून सही घ्या.

त्या पॉलिसीबद्दल संयम राखून लिहिणे अवघड आहे. वर्षाला ४ लाख असे दहा वर्षे भरायचे आणि उत्पन्न बाराव्या वर्षापासून. ‘यातूनच कर्जाचे हप्ते निघतील’ असे बँकेतल्या अधिकाऱ्याने सांगितले. दहा टक्के दराने २५ लाखांचे कर्ज दहा वर्षांत फेडायचे तर महिना ३३ हजारांचा हप्ता पडतो, पॉलिसीचा हप्ताही महिन्याला तेवढाच, म्हणजे ८५ हजारांतले ६६ हजार गेले. ज्या उत्पन्नातून कर्ज फेडायचे, ते कर्ज फिटून गेल्यावर सुरू होणार. निवृत्तीनंतरच्या सात वर्षांचे हप्ते कोठून येणार, हे त्या अधिकाऱ्याने सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही.

आता जमिनीकडे वळू. आपण ८० गुंठ्यांना ४ लाखांनी गुणून ३ कोटी २० लाख काढले आहेत. रेखांकनात (प्लॉटच्या लेआउटमध्ये) रस्ते आणि मोकळी जागा सोडल्यावर विकण्याजोगे ५० गुंठे उरले तरी पुष्कळ. म्हणजे २ कोटी. दोन बहिणी धरून तीन समान वाटे केले तर आपल्या वाट्याला ६५ लाखांच्या आसपास येतात, तेही सगळे प्लॉट याच भावाने विकले गेले तर, आणि रस्ता, गटारे, विजेचे खांब यांचा खर्च वजा होण्यापूर्वी. कर्जाची व्याजासह परतफेड ४० लाखांची आहे आणि ती एकट्या आपल्यावर आहे. बहिणी काही म्हणणार नाहीत, ही आपली समजूत आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा रीतसर वाटणी होईपर्यंत त्यांच्या सहीशिवाय संपूर्ण जमिनीचे रेखांकन पुढे सरकणार नाही. तारण घराचे असल्यामुळे बँक सातबारा मागतच नाही, आणि आपण ती सोय समजत आहात.

आपल्या पत्रात झोनचा, म्हणजे जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते याचा, उल्लेखही नाही. जमीन विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत निवासी विभागात असेल तर अडचण मुख्यतः रेखांकनाच्या मंजुरीची आणि पोचरस्त्याच्या रुंदीची असते. शेती विभागात असेल तर विभाग बदलण्यासाठी हरकती-सूचना मागवून १९६६ च्या नगररचना अधिनियमाखाली योजनेतच फेरबदल करावा लागतो आणि तो शासनाच्या मंजुरीने होतो. सहा महिन्यांची हमी देण्याचा अधिकार कोणत्याही सल्लागाराला नाही. झोन दाखला नगररचना कार्यालयातून अल्प शुल्कात मिळतो. तो हाती येईपर्यंत सल्लागाराला आणखी एक रुपयाही देऊ नका आणि दिलेल्या ३ लाखांचा लेखी हिशेब मागा.

जमीन आहे तशी, शेतजमीन म्हणूनच विकण्याचा पर्याय आपण तपासलेला दिसत नाही. नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर, लोकसंख्येनुसार दोन, सहा किंवा आठ किलोमीटरच्या पलीकडे असलेली लागवडीखालची शेतजमीन प्राप्तिकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. बिनशेती झाली की ही सवलत जाते आणि प्लॉट पाडून विकले तर नफा धंद्याचे उत्पन्न ठरून तीस टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो. हद्दीपासूनचे हे अंतर सरळ हवाई रेषेत मोजतात; बहिणींशी बोलण्यापूर्वी ते सनदी लेखापालाकडून मोजून घ्या, म्हणजे तिघांसमोर दोन्ही पर्यायांचे करानंतरचे आकडे ठेवता येतील.