आठवीच्या मुलांना बिडी-सिगारेटचे तोटे वर्गात कसे शिकवायचे?

पहिले तर भाषण नका देऊ. आमच्या इकडे यवतमाळ साइडला पोट्टे व्यसनमुक्तीचं भाषण ऐकता ऐकता खिशातली खर्र्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) पन्नी चाचपत असतात, खरंच सांगतो. मी बाटलीचा प्रयोग करतो, प्लास्टिकच्या बाटलीला बुडाशी भोक पाडायचं, बोटानं दाबून पाणी भरायचं, झाकणाला भोक पाडून त्यात बिडी खोचायची आणि झाकणाच्या आत कापसाचा बोळा. बिडी मैदानात मास्तरनंच पेटवायची, पोरं लांब, धूर जाणार नाही त्या बाजूला. बोट काढलं का पाणी खाली जाते आणि बाटली आपोआप धूर ओढते. कापूस पिवळा-तपकिरी पडतो, तो वर्गात फिरवला का सगळे चूप. मागच्या वेळी एक पोरगी म्हणे, सर आमच्या आबाच्या मिशा अश्याच पिवळ्या आहेत, काऊन ते आता समजलं.

मग गणित, रोजचे 20 रुपये म्हणजे वर्षाचे 7300. आणि टेप घेऊन शाळेच्या कुंपणापासून 100 यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर मोजायला लावा, 2003 च्या कायद्यानं तेवढ्यात तंबाखू विकता येत नाही. आमचा पानठेला 60 मीटरवरच निघाला बाप्पा, पोट्ट्यांनीच ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला.

फक्त कोणाच्या बापाचं नाव वर्गात काढू नका. आणि बिडी ज्या पानात वळतात त्या तेंदूपत्त्याच्या सिझनवर बऱ्याच घरचं चालते, तेही ध्यानात ठेवून बोला.