वाचकांचे प्रश्न : इम्स्टच्या घंटा

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त ऑस्ट्रियात इन्सब्रूकला असते. तिने जवळच्या इम्स्ट गावातील कार्निव्हलचे चित्रण पाठवले. त्यात लाकडी मुखवटे घातलेले लोक कमरेला घंटा बांधून जोडीजोडीने वाकत आणि उड्या मारत होते. हा गोव्याच्या कार्निव्हलचाच प्रकार आहे का? ही मिरवणूक हिवाळ्याला पळवून लावण्यासाठी काढतात, असे तिला कोणी सांगितले. ते खरे आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही उत्सवांचे पंचांग एकच आहे. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि त्याआधी मनसोक्त खाऊन-पिऊन घ्यावे, ही कॅथलिक समाजाची जुनी रीत गोव्यात पोर्तुगिजांबरोबर आली. साम्य मात्र येथेच संपते. गोव्याचा कार्निव्हल दर वर्षी येतो. इम्स्टचा 'शेमेनलाउफेन' साधारणपणे चार वर्षांतून एकदा, उपवासकाळापूर्वीच्या एका रविवारी होतो. 'शेमेन' म्हणजे मुखवटे आणि 'लाउफेन' म्हणजे धावणे.

आपल्या मुलीने टिपलेली जोडी रोलर आणि शेलर यांची. रोलरचा मुखवटा कोवळ्या, गुळगुळीत चेहऱ्याचा असतो आणि त्याच्या पट्ट्याला लहान गोल घुंगरे असतात. शेलरचा चेहरा मिशीदाढीचा, प्रौढ पुरुषाचा, आणि त्याच्या कमरेभोवतीच्या मोठ्या घंटा इतक्या जड असतात की त्या दिवसभर वागवणे हीच एक कसोटी असते. रोलर हलक्या उड्या घेत पुढे येतो आणि लवून नमस्कार करतो, मग शेलर आपल्या भारदस्त चालीने त्याला उत्तर देतो. बारीक किणकिण आणि खर्जातला घणघणाट एकमेकांना पूरक ठरावेत, असा हा नाच बसवलेला असतो. म्हणून आवाज बंद करून चित्रण पाहिले, तर त्यातले निम्मेअधिक हरवते.

गर्दीतून या जोडीसाठी जागा करून देण्याचे काम पाण्याच्या पिचकाऱ्या मारणारे आणि भरलेल्या पिशव्यांनी हलके फटके देणारे सोंगाडे करतात. त्यांच्यामागे चेटकिणी, अस्वले आणि घराच्या भिंतींवर चढणारे धुराडे साफ करणारे येतात. पक्षी विकणाऱ्याचे सोंग मला विशेष वाटते, कारण ते नुसत्या कल्पनेतून आलेले नाही : एके काळी इम्स्टचे लोक कॅनरी पक्षी पाळून युरोपभर विकत असत. चेटकिणींसह सगळी सोंगे पुरुषच घेतात. वेश शिवणे आणि शिरोभूषणे सजवणे हे काम मुख्यतः स्त्रियांचे. मुलांसाठी वेगळी छोटी मिरवणूक निघते आणि पुढची पिढी तिच्यात तयार होते.

आता हिवाळ्याविषयी. शेजारच्या नासेराइट गावच्या मिरवणुकीत अस्वल आणि त्याला हाकणारा झुंजतात, शेवटी अस्वल जिंकते आणि वसंत आला असे मानतात. अशी दृश्ये पाहिली की 'ख्रिस्तपूर्व काळातला विधी' हे स्पष्टीकरण सहज सुचते. परंतु आल्प्समधील अशा सोंगांना आदिम विधींचे अवशेष ठरवण्याची ही दृष्टी प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांची आहे. नंतरच्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी, पुरावा उपवासकाळाच्या पंचांगाकडेच बोट दाखवतो, असे म्हणत तिच्यावर बरीच टीका केली. मला दुसरी बाजू अधिक पटते. हिवाळ्याची कथा गावकऱ्यांनाही आवडते आणि ती सांगण्यात गैर काही नाही. फक्त तिला इतिहास म्हणू नये.

युनेस्कोने 2012 मध्ये शेमेनलाउफेनला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत स्थान दिले. मधल्या वर्षांत इम्स्टला जाणे झाले, तर तेथील कार्निव्हलच्या संग्रहालयात हे मुखवटे आणि वेश जवळून पाहता येतात. प्रत्यक्ष मिरवणुकीला जायचे असेल, तर मुलीला सकाळपासूनच तेथे थांबायला सांगावे, कारण संध्याकाळी प्रार्थनेची घंटा झाली की मुखवटे उतरतात.