‘मिता’ म्हणजे वेठबिगार का?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे : “इंका साम्राज्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘मिता’ ही कामाची पद्धत वारंवार येते. मी ‘वेठबिगार’ असं लिहून ठेवलंय, पण मन मानत नाही. दुसरा शब्द आहे का? आणि एका परिचितांच्या मते हा शब्द संस्कृत ‘मित’, म्हणजे मोजलेलं, यावरून आला. मोजक्या दिवसांचं काम म्हणून मिता. खरं का?”

आधी ‘मित’चा निकाल लावू. नाही. ‘मिता’ हा इंकांच्या केचुआ भाषेतला शब्द, आणि दक्षिण अमेरिकेत पेरूकडच्या अँडीज पर्वतातल्या या भाषेचा संस्कृतशी काही संबंध नाही. दोन अक्षरं जुळली की नातं जुळवण्याचा मोह आपल्याला फार. शिवाय इथे तर अक्षरंही जुळत नाहीत, ती देवनागरीत उतरताना जुळल्यासारखी दिसतात एवढंच. इंकांची राजधानी कुस्को, तिकडच्या केचुआत ‘त’ तीन प्रकारचा असतो. ‘तन्ता’ म्हणजे एकत्र, ‘थन्ता’ म्हणजे जीर्ण, फाटकं, आणि तिसऱ्या ‘त’नं सुरू होणारा तसाच शब्द म्हणजे भाकरी. पहिल्या दोघांतला फरक मराठी कानाला लगेच कळतो; स्पॅनिश लोकांना तो कळणं कठीण होतं, कारण त्यांच्याकडे ‘थ’च नाही. तिसरा मात्र आपल्याकडेही नाही. घशात श्वास क्षणभर अडवून तो फटकन सोडायचा, की तो ‘त’ निघतो. ‘मिता’तला ‘त’ हा तिसरा आहे. आपण ‘मिता’ लिहितो ते नाइलाजानं.

आता अर्थ. केचुआत या शब्दाचा मूळ अर्थ ‘काम’ नाही, ‘सक्ती’ तर नाहीच. मूळ अर्थ आहे पाळी, आणि त्यातूनच आलेला ठरावीक काळ, ऋतू. ‘पारा मिता’ म्हणजे पावसाळा. यातला ‘पारा’ म्हणजे पाऊस. मराठीतली ‘पाळी’ अगदी याच वाटेनं फिरते. कारखान्यातली रात्रपाळी, कालव्याची पाणीपाळी, देवळातल्या पुजाऱ्याची पाळी, बायकांची महिन्याची पाळी : ज्याची वेळ फिरून येते ते सगळं पाळी. माझं उत्तर त्यामुळे एका शब्दात देता येईल, पण ‘वेठबिगार’ का नको आणि कुठे हवा, हे सांगितल्याशिवाय ते अर्धवट राहील.

‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’चा वंशज : राजानं करून घेतलेलं सक्तीचं काम. ‘बिगार’ आला फारसी ‘बेगार’मधून, अर्थ जवळजवळ तोच, बिनमजुरीची सक्ती. म्हणजे ‘वेठबिगार’ ही ‘धनदौलत’सारखी जोडगोळी, एकच गोष्ट दोन भाषांत. पण शब्दाची चव बघा. ‘वेठीस धरणं’ म्हटलं की समोर येतो तो रस्त्यातून पकडून आणलेला, डोक्यावर ओझं दिलेला माणूस. त्याची पाळी कधी संपणार हे त्याला माहीत नसतं. आणि अलीकडे वेठबिगार म्हटलं की कर्जापायी बांधलेला मजूर डोळ्यांपुढे येतो. मितात हे दोन्ही नव्हतं.

इंकांच्या राज्यात नाणं नव्हतं. कर द्यायचा तो अंगमेहनतीनं. लग्न होऊन घर मांडलं की ते घर गणतीत येई. दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा कुटुंबांच्या गटांवर मुकादम नेमलेले असत आणि हिशेब ‘किपू’ नावाच्या गाठींच्या दोऱ्यांवर ठेवला जाई. प्रत्येक घराकडून वर्षातले ठरलेले दिवस : कुणी रस्त्यावर, कुणी पुलावर, कुणी सैन्यात, कुणी निरोप घेऊन धावणाऱ्या ‘चास्की’च्या चौकीवर. कुस्कोच्या डोक्यावर साक्सायवामान गडाचे ते प्रचंड दगड रचले गेले, त्याबद्दल स्पॅनिश बखरकार सिएसा दे लेओन लिहितो की वीस हजार माणसं कामावर असत, चार हजार दगड फोडायला, सहा हजार ओढायला, आणि ती कायमची नसत. ठरलेला काळ भरला की घरी, मग दुसरे येत. तो काळ भरला हे कळणं, यातच ‘पाळी’ हा शब्द आहे.

पण पाळी तरी कुठल्या नात्यानं मागायची? इथे मला हा विषय खरा आवडतो, कारण इथे आपल्याकडचे दोन शब्द जसेच्या तसे बसतात. अँडीजमधल्या गावात आजही ‘आय्नी’ चालते. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, दिवसाला दिवस. ही आपली सावड. काही भागांत पैरा म्हणतात. दुसरी ‘मिंका’. एकाचं मोठं काम, त्यानं सगळ्यांना बोलवायचं आणि खाऊ-पिऊ घालायचं. ही तर सरळ इर्जिक! आपल्या इर्जिकीत भलरी म्हणतात, तिथे नांगरटीची गाणी ‘हाय्यी’च्या धृपदावर म्हणत, आणि दोन्हीकडे धृपदाचाच शब्द गाण्याचं नाव झाला. (यावरून भलरी पेरूतून आली असं कृपया कुणी म्हणू नये.) आपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका हा गवती दोरांचा पूल आजही चार गावं मिळून दरवर्षी जूनमध्ये नव्यानं विणतात. घरटी दोर यायचाच. साथीच्या काळात विणणं चुकलं आणि २०२१च्या मार्चमध्ये पूल कोसळला. जूनमध्ये पुन्हा उभा राहिला.

इंका राजांनी केलं ते असं की ही गावची इर्जिक राज्याएवढी मोठी केली. सम्राट यजमान. पाळीवर आलेल्याला जेवण, मक्याची दारू, अवजारं सरकारी कोठारातून. एकट्या वानुको पाम्पा या ठाण्याच्या टेकडीवर सुमारे पाचशे कोठारं होती आणि खाली चौकाभोवती उत्खननात दारूच्या रांजणांच्या खापरांचे ढीग निघाले. कुस्कोत १५३९ साली इंका आईच्या पोटी जन्मलेला गार्सिलासो दे ला वेगा सांगतो की विधवा-अनाथांची शेतं आधी नांगरायची, सम्राटाची सर्वांत शेवटी. एका अधिकाऱ्यानं विधवेच्या आधी आपल्या नात्यातल्या गावप्रमुखाचं शेत नांगरलं म्हणून त्याला त्याच शेतात फाशी दिलं. गार्सिलासो आजोळाबद्दल लिहितो आहे, तेव्हा ते थोडं जपूनच घ्यावं. यजमानाचं बोलावणं नाकारता येत नसेल तर ती इर्जिक राहत नाही, हेही खरं. शिवाय आयुष्यभर घरदार सोडून राजघराण्याच्या चाकरीत राहिलेले ‘यानाकुना’ होतेच, त्यांना पाळी वगैरे काही नव्हतं.

आणि मग १५३२ साली स्पॅनिश आले. त्यांनी माणसं बदलली, हेतू बदलला, शब्द मात्र तोच ठेवला. १५७३च्या सुमारास व्हाइसरॉय तोलेदोनं पोतोसीच्या (आजच्या बोलिव्हियातल्या) चांदीच्या खाणीसाठी ‘मिता’ लावली : सोळा प्रांतांतून सातातला एक पुरुष, दरवर्षी साधारण साडेतेरा हजार. कागदावर पाळीच, सात वर्षांतून एकदा. प्रत्यक्षात माणसं मरू-पळू लागली तशी उरलेल्यांची पाळी लवकर लवकर यायला लागली. गंमत अशी की या खाणीत थोडी का होईना मजुरी मिळत असे, म्हणजे शब्दशः पाहिलं तर ती ‘बिगार’ नव्हती. पण त्या मजुरीत पोट भरत नसे, आणि खाऊ घालणारा यजमान तर कधीच गेला होता. १८१२ साली स्पेनच्या कादिझ इथल्या संसदेनं ही मिता रद्द ठरवली.

तेव्हा ताई, माझी सूचना अशी. १५३२च्या आधीचा मजकूर असेल तिथे ‘मिता’ ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला ‘पाळीची राजसेवा’ अशी फोड द्या. पुढे नुसतं ‘पाळी’ चालेल, ‘पाळीवर गेला’, ‘पाळी भरली’. ‘श्रमकर’ अर्थानं चूक नाही, पण तो सरकारी परिपत्रकातून आल्यासारखा वाटतो. पोतोसीच्या परिच्छेदात मात्र बेधडक ‘वेठ’ लिहा. आणि तुमच्या लेखात पुढे ‘मितमाक’ येईल. तो मिताचा भाऊबंद समजून ‘पाळीकरी’ करू नका. ते एका प्रांतातून उठवून दुसऱ्या प्रांतात कायमचे वसवलेले लोक आहेत.