कथा दाखवायची कुणाला आणि दुरुस्त करायची कशी?

कथालेखनात मार्गदर्शन घेण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या अकरा कथा लिहून झाल्या आहेत. एका ज्येष्ठ कथाकारांनी त्या वाचून मत द्यावं अशी इच्छा आहे. सगळ्या एकदम पाठवू का? सोबत काय लिहू? (सातारा)

एकच पाठवा. अकरा कथांचा गठ्ठा समोर आला की वाचणारा तो बाजूला ठेवतो आणि तो बाजूलाच राहतो. कथा निवडताना सगळ्यांनी वाखाणलेली निवडू नका. जवळजवळ जमली आहे, पण कुठेतरी अडली आहे असं तुम्हाला स्वतःला वाटतं, ती निवडा. ३००० शब्दांच्या आतली असावी. १४ पॉइंटमध्ये, दीड ओळीचं अंतर ठेवून साधारण दहा पानं होतात आणि एका बैठकीत वाचून होतात. डावीउजवीकडे खुणा करायला जागा सोडा, पानांवर क्रमांक घाला. मजकूर युनिकोडमध्येच असू द्या. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अनेकदा नीट दिसत नाही आणि रूपांतर करताना रफार, जोडाक्षरं विस्कटतात. वर्ड फाइलबरोबर पीडीएफही जोडा.

सोबतचं पत्र सहासात ओळींचं पुरे. तुम्ही कोण, कथा किती शब्दांची, आतापर्यंत किती खर्डे झाले आणि तुमचे दोन नेमके प्रश्न. ‘कशी वाटली?’ असं विचारलं की ‘छान आहे, लिहीत राहा’ असं उत्तर येतं. ‘बहिणीचा निर्णय चौथ्या पानावर पटतो का?’ असं विचारलं तर चौथं पान नीट वाचलं जातं. कथेचा आशय मात्र पत्रात समजावून सांगू नका. पत्रात सांगितलेलं वाचणाऱ्याला कथेत आपोआप दिसू लागतं आणि कथेत काय कमी आहे ते झाकलं जातं.

प्रश्न : सरांनी कथेवर इतक्या खुणा केल्यात की पान लाल झालंय. काही वाक्यं त्यांनी स्वतःच बदलून दिली आहेत. ती चांगली आहेत, पण घेतली की कथा माझी वाटत नाही. (नाशिक)

वाक्यं घेऊ नका, खुणा मात्र सगळ्या घ्या. खूण म्हणजे एक जाणकार वाचक इथे अडखळला. ते खरंच घडलेलं असतं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. उपाय काय करायचा ते तुम्ही ठरवायचं.

समजा, मुलगा भांडून घर सोडतो त्या प्रसंगाचा शेवट असा आहे : ‘रमाकाकूंना फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी दाटलं. जड अंतःकरणाने त्यांनी दार लावून घेतलं.’ मार्गदर्शकांनी तिन्ही वाक्यांवर काट मारून लिहिलं : ‘रमाकाकू बराच वेळ दारात उभ्या राहिल्या.’ मूळ वाक्यांपेक्षा हे बरं आहे, पण ते कुठल्याही कथेतल्या कुठल्याही आईला चालेल. काट का पडली ते बघा. एकच भावना तीनदा सांगितली आहे आणि ‘जड अंतःकरणाने’ वापरून वापरून गुळगुळीत झालं आहे. आता रमाकाकू या प्रसंगी काय करतील ते कथेतच शोधा. पहिल्या पानावर त्या वस्तू जपणाऱ्या, काटकसरी दाखवल्या असतील तर : ‘रमाकाकूंनी दार लावलं. मग पुन्हा उघडून ओसरीवर राहिलेली त्याची जुनी चप्पल आत आणून ठेवली.’ हे वाक्य मार्गदर्शकांना सुचणं कठीण होतं. काकूंना तुम्ही जास्त ओळखता.

दुसरी गोष्ट, खूण जिथे आहे तिथेच दोष असतो असं नाही. सहाव्या पानावर ‘इथे कंटाळा आला’ असं लिहिलेलं असतं आणि कारण दुसऱ्या पानावर सापडतं : नायकाला काय हवंय तेच तिथे कळलेलं नसतं. मग सहावं पान कितीही कापलं तरी कंटाळा जात नाही. दृष्टिकोनाचंही असंच. पाच पानं सुनेच्या नजरेने चाललेली कथा मध्येच दोन ओळींपुरती सासऱ्यांच्या मनात शिरते. वाचणारा समासात नुसतं ‘?’ करतो, कारण काय चुकलं ते त्यालाही लगेच सांगता येत नाही.

चर्चेला बसाल तेव्हा पहिली पंधरावीस मिनिटं गप्प राहून लिहून घ्या. ‘मला तिथे असं म्हणायचं होतं’ हे वाक्य तोंडावर येईल तेव्हा ते वहीत लिहा, कारण कागदावर नेमकं तेच उतरलेलं नसतं. नंतर चारपाच दिवस कथेला हात लावू नका. मग खुणांची तीन गटांत वाटणी करा : लगेच पटलेल्या, न पटलेल्या आणि वाचून राग आलेल्या. तिसऱ्या गटाकडे आधी वळा, बहुतेक वेळा मोठा दोष तिथेच असतो. नवा खर्डा कोऱ्या फाइलमध्ये पहिल्या वाक्यापासून लिहा. जुन्यात ठिगळं लावली तर लय तुटते आणि सांधे दिसतात.

प्रश्न : माझ्या कथांतली माणसं मालवणी बोलतात. मार्गदर्शक पुण्याचे आहेत, ते संवाद प्रमाण मराठीत करायला सांगतात. (कुडाळ)

करू नका. पण ते असं का म्हणाले, ते तपासा. बोली कळली नाही म्हणून, की ती एकसारखी नाही म्हणून? एकच म्हातारी एका पानावर ‘माका’ आणि पुढच्या पानावर ‘मला’ म्हणते, हा दोष अगदी नेहमीचा. प्रत्येक पात्राचे वारंवार येणारे शब्द कागदावर मांडा (माका, खंय, झील) आणि सगळे संवाद त्याच्याशी ताडून पाहा. शब्दाचा अर्थ कंसात देऊ नका, तो आजूबाजूच्या कृतीतून कळू द्या. ‘झील’ कोण ते, तो आईच्या ताटात जेवायला बसला की कळतं. रचनेबद्दल या मार्गदर्शकांचं जरूर ऐका. बोलीसाठी मात्र घरात मालवणी बोलणारा दुसरा वाचक गाठा आणि त्याला संवाद मोठ्याने वाचायला लावा. जिथे त्याची जीभ अडखळेल तिथे तुमचं वाक्य चुकलं आहे.

प्रश्न : पैसे देऊन मार्गदर्शन घ्यावं का? आणि यंदाच्या दिवाळी अंकासाठी कधी सुरुवात करू? (डोंबिवली)

घ्यायला हरकत नाही. मराठीत पूर्वी हे काम संपादक करत. ‘सत्यकथे’चे राम पटवर्धन लेखकाला पत्रं लिहून कथेतल्या उणिवा दाखवत, पुन्हा लिहायला सांगत. ते मासिक १९८२ साली बंद झालं. इतका वेळ देणारे संपादक आज विरळ आहेत. पैसे मात्र वर्षाचे आगाऊ देऊ नका, एका कथेपुरते द्या. किती शब्द, किती वेळा वाचन, लेखी टिपणं की फक्त बोलणं, किती दिवसांत, हे आधी लिहून घ्या. अंकात कथा छापून आणण्याची हमी कुणी देत असेल तर तिथे थांबू नका.

दिवाळी अंकांचं साहित्य साधारण जून ते ऑगस्टमध्ये मागवतात. म्हणून पहिला खर्डा फेब्रुवारीअखेर हातात हवा. मार्गदर्शकांना वाचायला तीन आठवडे, तुम्हाला पुनर्लेखनाला महिना, मग दुसरं वाचन. तिसऱ्या वाचनापलीकडे तीच कथा त्यांच्याकडे नेऊ नका, तोवर त्यांची नजरही तिला सरावलेली असते. मेच्या शेवटी शुद्धलेखन तपासून कथा एकाच संपादकाकडे पाठवा. नकार कळल्याशिवाय ती दुसरीकडे देऊ नका. पाठवल्याची तारीख वहीत टिपून ठेवा आणि सहा आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा विचारा.